जो नव्हताच, त्याचा शोध

२१४७४८३६४७. दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस.

ही संख्या मला पहिल्यांदा भेटली ती एका बिघाडातून. मी लिहिलेल्या एका प्रोग्रॅममधली मोजणी तासन्‌तास वाढत होती आणि अचानक ऋण झाली, उणे दोन अब्जांवर जाऊन पडली. कारण शोधायला वेळ लागला नाही. बत्तीस बिटांत, म्हणजे ० किंवा १ मावेल अशा बत्तीस जागांत, संख्या साठवायची, त्यातला एक बिट धन-ऋण चिन्हासाठी राखायचा, तर उरलेल्या एकतीस जागांवर सगळीकडे १ भरल्यावर जी संख्या होते, तीच कमाल मर्यादा. ती म्हणजे २१४७४८३६४७. दोनचा एकतिसावा घात, वजा एक. १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजणाऱ्या जुन्या यंत्रणांचं घड्याळही याच संख्येपाशी अडणार आहे, १९ जानेवारी २०३८ रोजी, जागतिक वेळेनुसार पहाटे ३ वाजून १४ मिनिटं ७ सेकंदांनी.

चूक दुरुस्त झाली, पण संख्या डोक्यात राहिली. काही महिन्यांनी कुठेतरी वाचलं की ती मूळ संख्या आहे. म्हणजे तिला एक आणि ती स्वतः सोडून कशानेही निःशेष भाग जात नाही. मला ते आधी खरंच वाटेना. संगणकाच्या रचनेतून आपोआप पडलेली मर्यादा मूळ संख्या का असावी? सोळा बिटांची तशीच मर्यादा ३२७६७, आणि ती म्हणजे ७ × ३१ × १५१. चौसष्ट बिटांच्या मर्यादेलाही ७ ने भाग जातो. बत्तीस बिटांवर मात्र हा योग जुळून आला आहे. यंत्र बांधणाऱ्यांनी ती मूळ संख्या म्हणून निवडली नव्हती. ती तशी आहे हे माणसांना त्यांच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं, संगणकाच्या पावणेदोनशे वर्षं आधीपासून.

कसं माहीत होतं, हा प्रश्न मला सोडेना. संख्या मूळ आहे हे दिसत नाही. संयुक्त संख्येचा पुरावा हातात देता येतो: हे दोन अवयव घ्या, गुणून पाहा. मूळ संख्येकडे दाखवण्यासारखं काहीच नसतं. तिचा सगळा गुण नकारात आहे. याने भाग जात नाही, त्याने जात नाही, कशानेच जात नाही. आणि ‘कशानेच’ हा शब्द खात्रीने उच्चारायचा असेल, तर कुणीतरी सगळ्यांना विचारून आलेलं असायला हवं.

सरळ मार्ग सगळ्यांना ठाऊक आहे. संख्येला अवयव असतील तर त्यातला लहान अवयव तिच्या वर्गमुळाहून मोठा असू शकत नाही. ४६३४० चा वर्ग २१४७३९५६००, आपल्या संख्येहून थोडा कमी. ४६३४१ चा वर्ग तिच्या पुढे जातो. म्हणजे ४६३४० पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहायचं. अशा ४७९२ मूळ संख्या आहेत. कागदावर ४७९२ भागाकार, प्रत्येक दहा अंकी भाज्याचा, आणि एकही चूक न करता. बोलोन्याच्या पिएत्रो कातालदी यांनी १६०३ साली छापलेल्या पुस्तकात हीच संख्या मूळ असल्याचं म्हटलं होतं. दोनचा सतरावा आणि एकोणिसावा घात वजा एक या दोन संख्या त्यांनी अशाच भागाकारांनी मूळ ठरवून दाखवल्या होत्या, ते मोठंच काम होतं. पण पुढे त्यांनी २३, २९, ३१ आणि ३७ या चारही घातांकांबद्दल तसाच दावा केला, आणि चारांपैकी एकच बरोबर निघाला. ८३८८६०७ ला, म्हणजे तेविसाव्या घातातून एक वजा केलेल्या संख्येला, ४७ ने भाग जातो. ३१ बद्दलचं त्यांचं म्हणणं खरं होतं, पण त्याला आधार नव्हता. खरं असणं आणि ठाऊक असणं यांतलं अंतर मला इतकं स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही. मॅरां मर्सेन यांनी १६४४ साली दिलेल्या यादीतही ३१ आहे. आज अशा संख्यांना त्यांचंच नाव आहे. त्याच यादीत ६७ आणि २५७ हे घातांक चुकून आले आहेत, आणि ६१, ८९, १०७ सुटले आहेत.

दोनच्या घातातून एक वजा करण्याचा नाद या लोकांना का लागला असेल, हे द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून लिहिलं की लगेच कळतं. तिथे या संख्या नुसत्या १ च्या रांगा असतात. सहा एकांची रांग घ्या, १११ १११. ती तीन-तीनच्या दोन गटांत तुटते, म्हणून तिला १११ ने, म्हणजे ७ ने भाग जातो: ६३ = ७ × ९. रांगेची लांबी संयुक्त असेल तर रांग सारख्या तुकड्यांत मोडणारच. म्हणून लांबी स्वतः मूळ हवी. तेवढ्याने काम भागत नाही. अकरा एकांची रांग म्हणजे २०४७, आणि ती २३ × ८९ आहे. अकराची रांग सारख्या तुकड्यांत मोडत नाही, तरी मोडते, वेगळ्याच जागी. एकतीस एकांची रांग मात्र कुठेच मोडत नाही.

हे सिद्ध केलं लिओनार्ड ऑयलर यांनी, १७७२ साली, सेंट पीटर्सबर्गमध्ये. वय पासष्ट. एका डोळ्याची दृष्टी तरुणपणीच गेलेली, दुसऱ्यात मोतीबिंदू, आदल्या वर्षीची शस्त्रक्रिया शेवटी निष्फळ ठरलेली, त्याच वर्षीच्या आगीत घर जळालेलं. बर्नुली घराण्यातल्या एका गणितज्ञाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी ही गोष्ट जेमतेम काही ओळींत सांगितली आहे. त्याच पत्रात ४१, ४३, ४७, ५३, ६१, ७१ अशी एक माळही आहे. दर वेळी आधीच्यापेक्षा दोनने जास्त मिळवत जायचं, आणि ओळीने चाळीस मूळ संख्या मिळतात, १६०१ पर्यंत. एक्केचाळिसाव्या पावलावर १६८१ येते, ती ४१ × ४१. चाळीस वेळा खरं ठरलेलं एक्केचाळिसाव्या वेळी तुटतं, हे ज्याने पाहिलं आहे, तो एकतीस एकांच्या रांगेबद्दल अंदाजावर विसंबणार नाही.

ऑयलर यांनी ४७९२ भागाकार केले नाहीत. त्यांनी आधी एक वेगळा प्रश्न विचारला. या संख्येला भागणारी एखादी मूळ संख्या असलीच, तर ती कशी असेल?

या प्रश्नापाशी मी फार दिवस थांबलो आहे. विभाजक नाहीच, पण तो आहे असं धरायचं आणि त्याचं वर्णन करायला घ्यायचं. त्याला ‘क’ म्हणू. दोनचे घात ओळीने घ्या, प्रत्येकाला क ने भागा आणि बाक्या लिहीत जा. बाक्या फिरून फिरून त्याच येतात, एक चक्र तयार होतं. क ने आपल्या संख्येला भाग जातो याचा अर्थ दोनच्या एकतिसाव्या घाताला क ने भागल्यावर बाकी १ उरते. म्हणजे एकतीस पावलांत चक्र सुरुवातीच्या जागी परत येतं. चक्राची लांबी त्यामुळे ३१ ला भागणारी हवी. पण ३१ मूळ आहे, आणि एका पावलात चक्र पूर्ण होणं शक्य नाही, म्हणून लांबी नेमकी ३१. आता फर्माचं जुनं प्रमेय सांगतं की क पेक्षा एकाने कमी इतकी पावलं टाकली तरी आपण सुरुवातीलाच परततो. तेव्हा क वजा एक या संख्येला ३१ ने भाग गेलाच पाहिजे. क विषम, म्हणून २ नेही. क ही ६२ च्या एखाद्या पटीहून एकाने मोठी आहे.

एवढ्यात फार मोठी गर्दी बाहेर पडली. ३, ५, ७, ११, १३, १७ यांना विचारायचं कारणच उरलं नाही. त्यांनी भाग जात नाही हे एकही भागाकार न करता कळलं.

ऑयलर इथेही थांबले नाहीत. एकतिसाव्या घाताची बाकी १, तर बत्तिसाव्या घाताची बाकी २. पण बत्तिसावा घात हा ६५५३६ चा वर्ग आहे. म्हणजे क च्या हिशोबात, क ने भागून फक्त बाक्या पाहिल्या तर, २ ही एक वर्गसंख्या ठरते. आणि ज्या विषम मूळ संख्यांच्या हिशोबात २ वर्ग ठरते, त्यांना ८ ने भागलं की बाकी १ किंवा ७ च उरते. दोन्ही अटी एकत्र केल्या तर क ला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ यायला हवी. ४६३४० च्या आत अशा संख्या ३७३, आणि त्यातली पहिली खुद्द ६३, जी उघडच संयुक्त आहे. राहिल्या ३७२. त्यांतल्या बऱ्याच संयुक्त असल्याने गळतात आणि ऐंशीच्या आसपास मूळ संख्या शिल्लक राहतात. ४७९२ वरून ऐंशी.

एका संध्याकाळी मी वही घेऊन बसलो. कॅल्क्युलेटर मुद्दाम बाजूला ठेवला. २४९ म्हणजे ३ × ८३, गेली. ३११ मूळ आहे, म्हणजे पहिली खरी संशयित तीच. २१४७४८३६४७ भागिले ३११. भागाकार ६९०५०९२, बाकी ३५. मग ४९७, ती ७ × ७१. ५५९, ती १३ × ४३. ७४५, ८०७, ९९३, १०५५ साऱ्या संयुक्त. १२४१ पाहून मी थबकलो, मूळ वाटत होती; पण १७ × ७३ निघाली. थेट १३०३ पर्यंत दुसरं कुणी नाही. भागाकार १६४८१०७, बाकी २२६. मग १४८९, बाकी १९९.

तीन भागाकार झाले तेव्हा रात्र झाली होती. दर वेळी बाकी शून्य येणार नाही हे मला ठाऊक होतं; अडीचशे वर्षांपूर्वी ते सिद्ध झालेलं आहे. तरीही शेवटचे अंक खाली घेताना हात सावध व्हायचा. ३५ आली तेव्हा जो सुटकेचा श्वास सोडला, त्याला तर्काचा काही आधार नव्हता. आणि मला हेही जाणवलं की ज्यांच्या नावाने मी संख्येला भागत होतो, त्या क चं मी इतका वेळ वर्णन करत आलो होतो: चक्राची लांबी ३१, एकाने कमी केली तर ६२ ची पट, दोनला वर्ग मानणारी. इतकी नेमकी ओळख असलेली आणि अस्तित्वातच नसलेली गोष्ट गणिताबाहेर मला माहीत नाही. खरं तर तिची ओळख जितकी नेमकी होत जाते, तितकी तिला लपायला जागा उरत नाही.

यानंतर पाऊणशेहून अधिक वर्षं ही जगाला ठाऊक असलेली सर्वात मोठी मूळ संख्या होती. १८११ साली पीटर बार्लो यांनी तिच्यापासून मिळणाऱ्या परिपूर्ण संख्येबद्दल लिहिलं की याहून मोठी बहुधा कधीच सापडणार नाही, कारण अशा संख्या केवळ कुतूहलाच्या आहेत, उपयोगाच्या नाहीत, मग कोण एवढे कष्ट घेईल. (परिपूर्ण संख्या म्हणजे जिच्या स्वतःहून लहान विभाजकांची बेरीज तिच्याएवढीच होते, जशी ६ = १ + २ + ३. आपल्या संख्येला दोनच्या तिसाव्या घाताने गुणलं की २३०५८४३००८१३९९५२१२८ ही आठवी परिपूर्ण संख्या मिळते.) बार्लो यांचा अंदाज गणितात चुकला नाही, माणसांबद्दल चुकला. कुतूहलाला कष्ट पुरून उरत नाहीत, हे त्यांनी धरलं नव्हतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये दोनचा १३६२७९८४१ वा घात वजा एक ही मूळ संख्या जाहीर झाली. तिच्यात ४ कोटी १० लाखांहून अधिक अंक आहेत.

इतक्या मोठ्या संख्यांना ऑयलर यांची रीत पुरत नाही. तिथे एदुआर लुका यांनी १८७० च्या दशकात शोधलेली आणि लेमर यांनी १९३० च्या सुमारास घासूनपुसून दिलेली कसोटी चालते. चारपासून सुरुवात करायची, वर्ग करून दोन वजा करायचे, पुन्हा वर्ग, पुन्हा वजा दोन, आणि दर पावलाला ज्या संख्येची परीक्षा आहे तिने भागून फक्त बाकी ठेवायची. घातांकाहून दोनने कमी इतकी पावलं झाली की बाकी शून्य आली तर संख्या मूळ, नाही तर नाही. ३१ वर करून पाहा, घातांक ५, पावलं तीन: ४, १४, मग १९४ ची बाकी ८, मग ६४ वजा दोन ६२, बाकी शून्य. आपल्या संख्येसाठी फक्त एकोणतीस पावलं लागतात. विलक्षण कसोटी आहे, आणि तरीही तिच्यावर माझा जीव तितका जडत नाही. तिच्यात विभाजकाला कुणी शोधतच नाही. शेवटी शून्य येतं आणि निकाल लागतो, का लागला ते शोधायला वेगळ्याच वाटेने जावं लागतं.

या संख्येच्या शेजारीपाजारीही मी फिरून आलो. तिच्या मागची मूळ संख्या २१४७४८३६२९, अठराने लहान. पुढची २१४७४८३६५९, बाराने मोठी. या उंचीवर सरासरी बावीसएक संख्यांमागे एक मूळ संख्या सापडते, तेव्हा तिचा शेजार त्यामानाने दाटच म्हणायचा. जुळं भावंड मात्र नाही. दोनने लहान संख्येच्या शेवटी ५ आहे, दोनने मोठीला ३ ने भाग जातो. आठने भागून सात उरत असल्याने ती तीन वर्गांच्या बेरजेतही बसत नाही, चार वर्ग लागतात.

तिचा एक उपयोगही झाला, बार्लो यांना सुचला नसता असा. तिच्याहून लहान कोणतीही संख्या घ्या, १६८०७ ने गुणा, २१४७४८३६४७ ने भागून बाकी ठेवा, त्या बाकीला पुन्हा तेच करा. १६८०७ म्हणजे सातचा पाचवा घात. या चालीने एकही संख्या न वगळता आणि न दुहेरता २१४७४८३६४६ बाक्या येऊन जातात, मग चक्र पुन्हा सुरू होतं. संगणकात यादृच्छिक भासणारे आकडे तयार करायला ही चाल अनेक वर्षं वापरली गेली. हीच चाल १६८०७ ऐवजी दोनने गुणत केली तर एकतीस पावलांतच परत येते. भाजक तोच, फक्त कशाने गुणायचं ते बदललं, आणि एकतीस पावलांच्या जागी दोन अब्ज चौदा कोटी झाली.

मला सर्वात जास्त हलवून गेलेली गोष्ट पुढची आहे. ३ ही मूळ, तर दोनचा तिसरा घात वजा एक, म्हणजे ७, हीही मूळ. ७ वरून १२७, मूळ. ३१ वरून आपली संख्या, मूळ. मग आपल्या संख्येलाच घातांक करून दोनचा २१४७४८३६४७ वा घात वजा एक घेतला तर? ती संख्या लिहायलाच सुमारे ६४ कोटी ६५ लाख अंक लागतील. तिच्यावर लुका-लेमर कसोटी लावणं अवाढव्य काम आहे. पण ऑयलर यांचा प्रश्न तिलाही विचारता येतो: हिला भागणारं कुणी असेल तर ते कसं असेल? तेच उत्तर. आपल्या संख्येच्या दुपटीच्या एखाद्या पटीहून एकाने मोठं, आणि आठने भागून १ किंवा ७ उरणारं. इथे मात्र शोध घेतल्यावर कुणीतरी सापडलं. २१४७४८३६४७ ची दुप्पट, गुणिले ६८७४५, अधिक एक: २९५२५७५२६६२६०३१. हा गुणाकार मी वहीवर करून पाहिला, जुळतो. पंधरा अंकी विभाजक, चौसष्ट कोटी अंकी संख्येचा. जिची वर्णनं तशीच होती, ती यावेळी खरोखर तिथे होती.

त्यानंतर मी पहिल्या वहीकडे परतलो. सगळे ऐंशी भागाकार करायचा धीर मला झालेला नाही, पण शेवटचा तरी करावा असं वाटलं. वरून खाली येत गेलो. ४६१९१, तिला ३ ने भाग जातो. ४६१२९ ने बराच वेळ घेतला. लहान मूळ संख्या एकेक करून पाहत १६३ पर्यंत आलो तेव्हा ती उलगडली, १६३ × २८३. मग ४५९४३. हिला २११ पर्यंत कशानेच भाग गेला नाही, म्हणजे ही मूळ, आणि यादीतली शेवटची. दहा अंकी भाज्य, पाच अंकी भाजक. ४ वेळा, ६ वेळा, ७ वेळा, ४ वेळा, २ वेळा. भागाकार ४६७४२. बाकी १५९४१.